राजाचा डावा तळहात

एका राज्यात, जिथे वाट विचारली तर नद्या ती सांगत आणि किल्ल्यावरचे पोपट न्यायनिवाडा करीत, हेमकेतू नावाचा राजा होता. राजा मनाने वाईट नव्हता. दर पौर्णिमेला महाद्वाराच्या पायरीवर उभा राहून तो स्वतःच्या हाताने धान्य वाटी, आणि वाटून झाल्यावर त्याला झोपही छान लागे. पण चैत्रातल्या एका सकाळी त्याचा डावा तळहात खाजू लागला आणि तिथून सगळं बिनसलं.

राजज्योतिषी त्रिविक्रमशास्त्री आले. त्यांनी तळहात उलटसुलट पाहिला, डोळे मिटले, बोटं मोजली आणि सांगितलं, की उजवा तळहात खाजला तर धन येतं आणि डावा खाजला तर जातं. लक्ष्मी उंबऱ्याकडे निघाली आहे. खाज थांबेपर्यंत वाड्यातून एक दाणा की एक दमडी बाहेर जाता कामा नये. त्याच घटकेला खजिन्याला सात कुलपं लागली, कोठाराला तीन लागली, आणि त्या महिन्याची पौर्णिमा आली तशी निघून गेली.

राजानेच हात आखडला म्हटल्यावर प्रजेला निमित्त मिळालं. दिवेलागणीनंतर कोणी कोणाला चिमूटभर मीठ देईना. शुक्रवारी पैसा घराबाहेर काढणं बंद झालं. बोहनी होईपर्यंत, म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक होईपर्यंत, दुकानदार दारातल्या याचकाकडे बघेनासे झाले. वैशाख उजाडला तेव्हा दान द्यायला निर्धोक अशी आठवड्यातून अर्धी घटका उरली होती, आणि त्या अर्ध्या घटकेला लोक नेमके जेवायला बसत.

खाज मात्र थांबेना. राजाने हात चंदनात बुडवला, बर्फात बुडवला, सिंहासनाच्या कोरीव सिंहावर घासला. त्याचं एका जागी बूड टेकेना. सज्जातून दरबारात, दरबारातून खजिन्याच्या दाराशी, तिथून पुन्हा सज्जात, असा तो दिवसभर फिरे आणि कुलपं चाचपून पाही.

अशात त्याची थोरली बहीण इंद्रावती आली. तिला पूर्वेच्या खोऱ्यात दिलेली होती. तिकडे डोंगर फुटून पाणी आलं होतं आणि अठरा गावांची जमिनीखालची धान्याची पेवं कुजून गेली होती. उरलंसुरलं अमावास्येपर्यंत, म्हणजे बारा दिवस पुरणार होतं.

"भाऊराया," ती म्हणाली, "मी सोनं मागत नाही. ज्वारी मागते."

"आक्का, खाज थांबली की पहिली गाडी तुझी."

"आणि नाही थांबली तर?"

राजा हात चोळीत राहिला. त्याला लाज वाटली, पण भीती लाजेहून मोठी होती. इंद्रावतीने त्याच्या घरचं पाणीही घेतलं नाही. आली तशी पायी परत गेली.

ती गेली आणि खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला. भारद्वाज दिसणं शुभ, म्हणून राजाने घाईघाईने हात जोडले.

"हात राहू दे," भारद्वाज म्हणाला. "मला पाहून लोकांचा दिवस चांगला जातो म्हणे. माझा कसा जातो, ते आजवर कोणी विचारलेलं नाही. तुला खाज घालवायची आहे ना? मग काजळमायकडे चल."

राजाने गोसाव्याची कफनी चढवली, तोंड झाकेल असं फडकं डोक्यावरून ओढलं आणि पक्ष्यामागोमाग निघाला. काजळमाय ही त्या राज्यातली सगळ्यात जुनी जादूगारीण. दोन डोंगरांपलीकडे, वाऱ्याने फाटलेल्या झाडांच्या सावल्या शिवत ती बसली होती. तिने राजाचा हात पाहिला नाही, तोंड पाहिलं, आणि सुईत दोरा ओवता ओवता नेम सांगितला. तीन नाणी भीक मागून आणायची. पहिलं दिवेलागणीनंतर दिलेलं, दुसरं शुक्रवारी दिलेलं, तिसरं बोहनीआधी दिलेलं. तिन्ही डाव्या तळहातावर एकत्र आली की खाज जाईल.

"मध्येच एक जरी हातचं गेलं," ती म्हणाली, "तर खजिन्याच्या गारगोट्या होतील."

राजा आपल्याच नगरात भीक मागू लागला. पहिल्या संध्याकाळी बावीस दारं त्याच्या तोंडावर बंद झाली. एका बाईने तर दिव्याकडे बोट दाखवून त्यालाच सुनावलं, की राजापेक्षा तुला जास्त कळतं का? शेवटी वेशीबाहेर दोर वळणाऱ्या एका आंधळ्या म्हाताऱ्याने कनवटीचं नाणं काढून दिलं. दिवे लागले आहेत, असं राजाने त्याला प्रामाणिकपणे सांगितलं.

"लागू देत की," म्हातारा म्हणाला. "मला दोन्ही सारखंच."

शुक्रवारी राजा दुपारपर्यंत वणवण फिरला. अखेर नदीवरच्या नावाड्याने त्याला पैलतीरी सोडलं, नावेचं भाडं घेतलं नाही आणि वर एक नाणं दिलं. आज वार कोणता ते ठाऊक आहे ना, असं राजाने विचारलं, तेव्हा नावाड्याने खांदे उडवले. नदी कधी वार बघून वाहते का, एवढंच म्हणून तो वल्हवत निघून गेला.

राहिलं एक. ते काही केल्या मिळेना. तीन सकाळी राजा बाजारपेठेत उभा राहिला. दुकानाच्या फळ्या निघत, पाण्याचे सडे पडत, उदबत्त्या लागत, आणि त्याने हात पुढे केला की जो तो म्हणे, पुढे व्हा महाराज, अजून बोहनी व्हायची आहे. दोन नाणी त्याच्या डाव्या मुठीत होती. मूठ रात्रंदिवस मिटलेली होती आणि आत तळहात निखाऱ्यावर धरल्यासारखा होत होता. चौथ्या दिवशी चतुर्दशी उजाडली. अमावास्या उद्यावर आली होती. राजा एका वाण्याच्या पायरीशी उभा होता. मनात आकडे सोडून काही नव्हतं. दोन आहेत, एक हवं, आज मिळालंच पाहिजे.

तोच डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई बाजूला येऊन थांबली. तिच्यामागे रस्त्याच्या कडेला दहाबारा माणसं धुळीत बसली होती.

"महाराज, तुमच्या मुठीत काही असेल तर बघा. बरोबर बाळंतीण आहे. तिच्या पेजेपुरत्या कण्या मिळाल्या तर पुष्कळ झालं."

"पुढे व्हा बाई," राजा तिच्याकडे न बघताच म्हणाला. "अजून बोहनी व्हायची आहे."

"बरं. मी थांबते."

तो आवाज इंद्रावतीचा होता. लहानपणी तिने ह्याच आवाजात त्याला घास भरवले होते. धान्य ठरल्याआधीच संपलं होतं आणि ती खोऱ्यातली माणसं घेऊन पायी नगराकडे आली होती. कफनीतल्या भावाला तिने ओळखलं नव्हतं. ती निमूट पायरीखाली बसली, आणि राजाला आपलं वाक्य पुन्हा ऐकू आलं. कोणाला काय म्हणालो मी? त्याला खजिना दिसला, सात कुलपांमागे गारगोट्यांचा ढीग दिसला. मग त्याने मूठ उघडली. उजव्या हाताने द्यावं एवढंही त्याला सुचलं नाही. डाव्यानेच त्याने दोन्ही नाणी बहिणीच्या ओंजळीत टाकली.

इंद्रावतीने वाण्याकडून कण्या घेतल्या. वाण्याने ती नाणी डोळ्यांना लावली, खूश झाला, आणि बोहनी झाल्याच्या आनंदात गोसाव्यापुढेही एक नाणं टाकलं. हेच ते तिसरं नाणं, पण बोहनीनंतरचं, म्हणजे कवडीच्याही उपयोगाचं नाही. राजाला हसू फुटलं. तो हसत सुटला, आणि तेही नाणं त्याने बहिणीला दिलं.

त्या हसण्याने मात्र ती चमकली. डोक्यावरच्या फडक्याखाली वाकून तिने त्याचा चेहरा पाहिला.

"हेमू," ती म्हणाली, "हात बघू."

तिने तळहात चोळला. तो थंड होता. केव्हापासून थंड होता हे राजाला सांगता आलं नाही. बहीण पुढ्यात उभी असताना खाजेची त्याला आठवणच राहिली नव्हती.

राजवाड्यात जाऊन सात कुलपं काढली. खजिन्यात कमरेइतक्या गारगोट्या होत्या आणि त्यांच्यावर तेवढंच सोनं. अगदी वरच्या गारगोट्या अजून कोमट होत्या. राजाने खिडकीतल्या भारद्वाजाकडे पाहिलं.

"पहिलं कुलूप लागलं त्या दिवशी हे खालून सुरू झालं," भारद्वाज म्हणाला. "आज सकाळी थांबलं."

"मग काजळमाय खोटं का बोलली?"

"भिऊन येणाऱ्याला ती नेम देते. त्याला तेवढंच ऐकू येतं."

एवढं सांगून पक्षी उडाला, आणि राजाने पहिल्यांदाच त्याला पुसलं, की तुझा दिवस कसा गेला. बरा गेला, असं उत्तर आलं.

कोठार उघडलं. गाड्या भरता भरता दुसरा दिवस उजाडला, म्हणजे अमावास्याच. त्रिविक्रमशास्त्री धावत आले आणि आज काहीच देऊ नये म्हणून हात जोडू लागले. राजाने त्यांना पोत्याचं तोंड धरायला लावलं. पंचाहत्तर गाड्या पूर्वेकडे निघाल्या. दिवेलागणीलाही निघत होत्या.

शेवटच्या गाडीत इंद्रावती चढली तेव्हा राजा खाली उभा होता. आक्का, माझ्यावर रागावली नाहीस ना, असं त्याने विचारलं.

"आधी धान्य पोचू दे," ती म्हणाली. "मग येऊन रागावते."

पुढच्या पौर्णिमेला ती खरोखरच आली आणि भर दरबारात घटकाभर रागावली. पोपटांनीसुद्धा चोची मिटल्या. गाड्या पोचायच्या आदल्या दिवशी खोऱ्यातल्या दोन म्हाताऱ्या गेल्या होत्या, आपला घास नातवंडांना देऊन. एक गवराई, दुसरी तान्हाई. इंद्रावतीने राजाला ती नावं पाठ करायला लावली, आणि राजा पायरीवर उभा राहून सगळ्यांसमोर रडला. त्या राज्यात अजूनही धान्य वाटताना पहिल्या मापाला ती दोन नावं घेतात, आणि मग वार कोणता ते कोणी विचारीत नाही.