धुरपतामायची ओंजळ

ज्या चिंचेखाली आता एसटी थांबते, ती चिंच माणसाच्या कंबरेएवढी होती, त्या काळची ही गोष्ट. गिरणेच्या काठी वाकसोंडे गावात धुरपता नावाची कुंभारीण राहायची. नवरा लवकर गेला. चाक दीर फिरवायचा, कारण बाईनं चाकाला हात लावायचा नाही अशी रीत. पण मडकं थापटून गोल करणं आणि आवा लावणं, म्हणजे मडकी रचून भाजणं, हे धुरपताचं काम. आणि खरं सांगायचं तर मडकं घडतं ते तिथंच.

असं म्हणतात, की तिच्या घागरीतलं पाणी वैशाखातही दातांना लागायचं. कुणी वाखाणलं की ती वर बोट करायची. "माती त्याची, पाणी त्याचं, आग त्याची. माझी काय ती नुसती धपधप!" पण एक गोष्ट मात्र ती स्वतःचीच समजायची. "धुरपताची घागर आखाजीला उशिरा गेली, असं ऐकलंय का कुणी?" हे ती उभ्या गावाला ऐकवायची.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी घरोघरी घागर भरून गेलेल्या माणसांच्या नावानं पूजतात. घागर गळली तर ते माणूस तहानलेलं परत जातं, अशी समजूत. त्या साली पाटलांकडे पहिली आखाजी होती. पाटलीणबाईंचा तरणाताठा लेक यादव पोळ्याच्या सुमारास तापानं गेला होता. बाई रोज निरोप धाडायच्या, "धुरपता, माझ्या यादवाची घागर कुठवर आली?"

आणि नेमका त्याच साली अवकाळी पाऊस कोसळला. आवा चार दिवस उशिरा पेटला.

आवा विझला तरी पोटात धग असते. तीन दिवस त्याला हात लावायचा नाही, हे कुंभाराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आखाजी उद्यावर आली होती. धुरपतानं आवा विझल्याच्या दुसऱ्याच दिवशी राख बाजूला सारली आणि गार वारा आत घुसला. घागरी दिसायला लालबुंद, देखण्या. तिनं एकीवर बोट वाजवलं. ठण् वाजायला हवं, ती बद् वाजली. दुसरी वाजवली. तीही बद्. एकूणएक घागरींना केसाएवढे तडे.

दीर म्हणाला, "वहिनी, जीव नका जाळू. लाख वितळवतो, तडे लिंपतो, वरून गेरूचा हात देतो. सांजेपर्यंत पाणी धरतील. पूजा झाल्यावर कोण बघतंय?"

"आणि यादव?"

"मेलेलं माणूस काय भांडायला येतं?"

"येत नाही म्हणून त्याला फसवायचं?" धुरपता कडाडली. "भावजी, देवानं कधी तडकलेला सूर्य लिंपून पाठवला का आपल्याकडे? जन्मभर त्याचं अस्सल खाल्लं, आणि त्याच्याच लेकरांना मी लिंपलेलं देऊ?"

आखाजीच्या सकाळी तिनं घागरी चौकात मांडल्या आणि लोकांदेखत एकेक वाजवली. "ऐका. ही तडकलेली. हीसुद्धा. दोष माझ्या दिराचा नाही, मातीचाही नाही. उशीर झाला तर माझं नाक कापलं जाईल, म्हणून मी आवा लवकर उघडला."

गाव खवळलं. "हिचं नाक राहिलं, आमचे वाडवडील तहानले!" म्हणत एका म्हातारीनं कडाकडा बोटं मोडली. मग ज्यानं त्यानं घरी जाऊन जुनी घागर घासायला घेतली. पाटलीणबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. पहिल्या वर्षाला घागर कोरीच लागते.

"धुरपता, माझा यादव कशातून पिणार गं?"

धुरपता पाटलांच्या विहिरीवर गेली, हात धुतले, ओंजळ भरली आणि अंगणात घागर मांडायच्या जागी जाऊन बसली.

"यातून," ती म्हणाली. "हे हात देवानं घडवलेत, माझ्या आव्यातले नाहीत."

लोक हसले. ओंजळीतलं पाणी कितीसं टिकणार? ऊन चढलं. अंगण तापलं. तिचे ओठ सुकले, दंड थरथरायला लागले. पण असं म्हणतात, की बोटांच्या फटीतून एक थेंब पडला नाही. आणखी असंही म्हणतात, की दुपार झाली तसं ते पाणी वाढतच गेलं. तेव्हा पाटलीणबाई घरातून आल्या आणि तिच्या डोक्यावर पदराची सावली धरून उभ्या राहिल्या.

दिवस कलला. एक कावळा आला, माणसांना न भिता धुरपताच्या मनगटावर बसला आणि चोच बुडवून पोटभर प्याला. "यादवा रे!" म्हणून पाटलीणबाईंनी हंबरडा फोडला. लेक गेल्यापासून त्या पहिल्यांदा रडल्या, असं म्हणतात. उरलेलं पाणी धुरपतानं त्यांना पाजलं.

आता तिला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणी सांगू शकत नाही. पण वाकसोंड्यात बैल विकायचा असो की सायकल, खोट आधी सांगतात. "आधी धुरपतामायचं ऐका, बैल डाव्या अंगाला मारका आहे." भावाची बोलणी त्यानंतर. आणि आखाजीला घागर भरण्याआधी घरातली सगळ्यात थोरली बाई ओंजळीत पाणी धरते आणि वर्षभरातली आपली एक चूक मोठ्यानं सांगते. सांगता सांगता पाणी गळलं की नातवंडं टाळ्या पिटतात, "आजी, अजून एक राहिली!"

म्हातारी हसते, आणि पुन्हा ओंजळ भरून घेते.