साळिंदराचा कायदा

नदीला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. पाणवठ्याचा कायदा लिहायचं काम साळिंदराकडे आलं. पाठीवरचा काटा उपटून तो केळीच्या पानांवर लिहीत बसला. ‘परंतु’, ‘तथापि’, ‘उपरोक्त’ करत एकच वाक्य सात पानं लांबलं.

दोन दिवसांनी, पहाटेच्या धुक्यातून तहानलेली हरिणी पाडसाला घेऊन आली. सातही पानं ऐकून हळूच म्हणाली, "दादा, मग आम्ही पाणी प्यायचं की नाही?"

साळिंदराने पुन्हा वाचलं. त्यालाही कळेना. कायदा मोडायला नको म्हणून दोन दिवस तोही तहानलेलाच होता.

त्याने पानं पाण्यात सोडली आणि काठावरच्या खडकावर कोरलं, ‘प्या, पण गढूळ करू नका.’

मग पाण्यात उतरलेल्या आभाळाला तोंड लावून तिघंही पिऊ लागले.