कोरा दगड वाचणारी जिवाई

एका राज्यात माणसं सोळा वर्षांची होईपर्यंतच शिकत. त्यानंतर दिवसभरात जे शिकावं ते पहाटेपूर्वी डोक्यातून निघून जाई. लहानपणी जे आलं तेवढंच आपलं, बाकीचा जन्म त्यावरच काढायचा, अशी तिथली रीत होऊन बसली होती.

हा शाप होता कालकंठ जादूगाराचा. कालकंठाने हात लावला की दगडाची भाकरी होई, पण मंत्रावाचून त्याला एकही काम येत नव्हतं. पन्नाशीत त्याला वाटलं, आपल्या हातांनी काहीतरी करायला शिकावं. तो राजा भद्रसेनाच्या विणकरशाळेत गेला, मागावर बसला आणि धोटा त्याने उलटा धरला. राजा त्या दिवशी शाळा पाहायला आला होता. तो तरुण होता. तो हसला. राजा हसला म्हणून प्रधान हसला, प्रधान हसला म्हणून सारी शाळा हसली. कालकंठ उठला. "या वयात मी शिकू नये, तर तुमच्या राज्यात सोळा वर्षांपुढचं कुणीच शिकू नये," एवढं बोलून तो निघून गेला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. याला तीस वर्षं झाली.

मग एका साली घोरा नदीला महापूर आला आणि पूल वाहून गेला. पूल बांधणारे केव्हाच वारले होते. राजाचे सुतार जुने नकाशे उलगडून दिवसभर शिकत आणि सकाळी हातात करवत धरून एकमेकांना विचारत, आपण इथे कशाला आलो. घोरेच्या धारेत होडी टिकत नसे. राज्याचे दोन तुकडे झाले.

अलीकडच्या तीरावर जिवाई दोर वळी. वय त्रेचाळीस, कपाळ मोकळं, एकुलती लेक वेणू पलीकडच्या गावी दिलेली. दोन वर्षं तिने लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. बगळ्याच्या पायाला बांधलेली वेणूची पत्रं तेवढी येत. जिवाईला वाचता येत नसे. देवळातले कारकून उभ्या उभ्या पत्रावरून नजर फिरवत आणि सांगत, "सगळं क्षेम आहे म्हणते." चार पानांत एवढंच कसं असेल, असं जिवाईच्या मनात येई. विचारायचा धीर मात्र होत नसे.

सात डोंगरांपलीकडे शारिका नावाची साळुंकी राहत होती. तिला सगळ्या विद्या येत. सकाळी अंगणात पितळी परातीत पाणी भरावं, ते स्थिर होऊ द्यावं आणि तिचं नाव घ्यावं, की ती पाण्यात दिसे आणि शिकवू लागे. शंभर गावांतल्या शंभर परातींत ती एकाच वेळी असे. वारा सुटला की पाणी हाले, तिचे शब्द तुटत, मग पाणी पुन्हा शांत होईपर्यंत थांबावं लागे. मोठ्या माणसांनी तो नाद कधीच सोडला होता. एका सकाळी जिवाईने परात घासली, पाणी ओतलं आणि नाव घेतलं.

"काय शिकायचं आहे?" शारिकेने विचारलं.

"वाचायला."

सतरा दिवस तिने 'अ' शिकला आणि सतरा वेळा तो गेला. शारिका एकदाही म्हणाली नाही, की काल सांगितलं होतं.

परातीच्या काठाशी इतर शिकणाऱ्यांचे चेहरे बोराएवढे दिसत. चेहरे तीनचारच होते. त्यांतला एक दूरच्या गावचा सटवाजी लोहार. अठराव्या दिवशी तो म्हणाला, "बाई, माझं अक्षर पडतं आहे. कसं काढलंत?"

जिवाई म्हणाली, "विळ्याची दोन पाती एकाखाली एक ठेवा. मग मधून आडवी काडी जोडा. शेवटी उभा दांडा."

सटवाजीला ते पटलं. त्याने तिला 'ब' सांगितला: गोल कडी, तिच्या पोटात तिरपी सळई, शेजारी उभा दांडा. दुसऱ्या सकाळी जिवाई उठली तर 'अ' जागेवर होता आणि 'ब'ही. परातीत सटवाजी बोटाने हवेत पाती काढत बसला होता.

शारिका म्हणाली, "शाप एकेका डोक्यातलं उचलतो. दोघांनी एकमेकांना दिलेलं कुणाचं म्हणून न्यावं, हे त्याला कळत नाही."

तेव्हापासून ती दोघं आधी शारिकेकडून शिकत आणि मग एकमेकांना शिकवत. चेहरे वाढू लागले. सहा महिन्यांनी जिवाई वेणूचं पत्र घेऊन उंबऱ्यावर बसली, ती दुपारी उठली. पत्रात होतं, की छपराची दोन कौलं फुटली, जावेशी भांडण झालं आणि मिटलं, आणि धाकटीला दात येतो आहे, ती सगळ्यांची बोटं चावते. जिवाईने पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "हा शाप सुटायचा कसा?"

"तीन कामं आहेत," शारिका म्हणाली. "घाटावरचा काळा दगड वाच. तो सांगेल तिथवर दोर वळ. तिथे जो भेटेल त्याला तुझं काम शिकव."

घाटावरचा दगड साऱ्या गावाला ठाऊक होता. तो कोरा होता. जो मोठेपणी वाचायला शिकेल त्यालाच त्यावरची अक्षरं दिसत, आणि तीस वर्षांत असं कुणी आलं नव्हतं. जिवाई समोर उभी राहिली तशी अक्षरं वर आली. तिने बोट ठेवून वाचलं: 'मी मधल्या बेटावर आहे. वाचता आलं असेल तर ये.' खाली कालकंठाचं नाव होतं.

घोरेच्या मधोमध खडकाळ बेट होतं, त्यावर एक चिंच. तिथवर अंतर किती, हे धारेत न उतरता मोजायचं होतं. शारिकेने युक्ती सांगितली. जिवाई तीरावर ताठ उभी राहिली आणि पदर कपाळावर ओढत गेली, इतका की पदराचा काठ चिंचेच्या बुंध्याला लागलेला दिसला. मग मान न हलवता ती वळली. आता पदराचा काठ आपल्याच तीरावर जिथे टेकलेला दिसला तिथवर तिने पावलं मोजली. एकशे बारा. संध्याकाळी तिने ते परातीतल्या साऱ्यांना समजावून सांगितलं, म्हणजे सकाळी राहील.

दोर बुंध्याला वळसा घालून परत यायचा होता, म्हणून तिने दुप्पट वळला. दोन महिने लागले. बगळ्याने चोचीत बारीक सुतळी नेली, चिंचेमागून फिरवून आणली, आणि सुतळीला बांधून जिवाईने दोर ओढला. तो अकरा हात कमी पडला. गाठींना लागणारा दोर तिने धरलाच नव्हता. ती खाली बसली, हिशेब पुन्हा केला, अकरा हात आणखी वळले आणि वर चार हात जास्तीचे ठेवले. मग दोराला लोंबकळत, पाय आडवे टाकून, ती बेटावर उतरली.

चिंचेखाली ऐंशी वर्षांचा म्हातारा बसला होता. भोवती भाकऱ्यांचे ढीग होते, काही पुन्हा दगड झालेले.

"दगड वाचलास?" त्याने विचारलं.

"वाचला."

"मग शाप मागे घे म्हणायला आली असशील. तो माझ्या हातात नाही. मी बोललो आणि तो बाणासारखा सुटून गेला. मलाही तो लागला आहे."

"मी शिकवायला आले आहे," जिवाई म्हणाली. "मला दोर वळता येतो. दोराला दुसरं टोक धरणारं माणूस लागतं."

कालकंठाने एक भाकरी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "माझं वय राहिलं नाही."

"बाबा, मी त्रेचाळिसाव्या वर्षी 'अ' शिकले. तोही अठरा वेळा."

तिने अंबाडीच्या बटा त्याच्या हातात दिल्या. त्याने पीळ भरला, तो उलटा. दोर सुटून त्याच्या मांडीवर पसरला. कालकंठाने मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"पीळ उलटा गेला," जिवाई म्हणाली. "उजवा अंगठा खाली घ्या. पुन्हा."

तो पुन्हा चुकला. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा दोर धरला, वीतभर, मग हातभर. कालकंठ त्या हातभर दोरावरून बोटं फिरवत राहिला. त्याच्या पायाजवळच्या भाकऱ्या एकेक करून दगड झाल्या आणि तशाच राहिल्या. तो शिकला, तसा त्याचा मंत्र गेला, आणि त्याबरोबर शापही.

त्याच वेळी अलीकडच्या तीरावर राजाचा सुतार नकाशा पाहता पाहता म्हणाला, "अरे, हे मला कालचं आठवतं आहे."

जिवाईचा दोर नव्या पुलाचा पहिला भाग ठरला; बेटापासून पलीकडच्या तीरापर्यंतचा दोर जिवाई आणि कालकंठ यांनी मिळून वळला. पलीकडच्या तीरावरून वेणूने सुतळी झेलली. सुतारांनी फळ्या बसवल्या. पूल पुरा झाला त्या दिवशी राजा भद्रसेन बेटापर्यंत चालत आला. त्याचेही केस पिकले होते.

"मी हसलो होतो," राजा म्हणाला.

"ऐकलं होतं मी," कालकंठ म्हणाला.

"मला काहीच धड करता येत नाही. शिकवाल का?"

कालकंठाने सरकून त्याला जागा करून दिली.

त्या राज्यात मग परातींचा तुटवडा पडला आणि तांबट रात्रंदिवस राबले. सटवाजी लोहार जमिनीची मोजणी शिकला. देवळातल्या कारकुनांना आता पत्रं सावकाश आणि अक्षरन् अक्षर वाचून दाखवावी लागत, कारण ऐकणारा शेजारी उभं राहून ओळीवर नजर ठेवी.

जिवाई पूल ओलांडून लेकीकडे गेली, ती महिनाभर राहिली. नात तिची बोटं चावे आणि ती चावू देई. वेणूचे सासरे मधमाश्या पाळत. एका सकाळी जिवाई त्यांच्या मागोमाग पोळ्यांपाशी गेली आणि म्हणाली, "व्याहीबुवा, हे मलाही दाखवा."

पहिल्या दिवशी तिला तीन माश्या चावल्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.