गुरुजींची विसरलेली छत्री

चीन देशात एकदा एक वृद्ध पंडित राहत होते. स्मरणशक्ती अशी, की चाळीस वर्षांपूर्वी कोणाच्या घरी कसला चहा घेतला तेही सांगतील. दरबाराने त्यांच्यावर एक नाजूक काम सोपवले. देशातले दोन प्रांत दोन उलट वाटांनी चालले होते. पश्चिमेच्या डोंगरी प्रांताचा सुभेदार म्हणे, आधी वाटणी. पिकेल ते सरकारने गोळा करावे, सर्वांना सारखे द्यावे, घरे बांधून द्यावीत आणि सकाळी चौकात सर्वांनी एका सुरात गावे. दक्षिणेच्या सागरकाठचा सुभेदार म्हणे, आधी वाढ. व्यापार मोकळा सोडा, संपत्ती आली की खाली झिरपेलच. दोघांचेही दरबारात वजन. देशाने कोणाचा कित्ता गिरवावा, ते पंडितांनी पाहून सांगायचे होते.

अहवाल लिहिणार होता त्यांचा शिष्य युआन. बिचाऱ्याला हे काम जडच होते, कारण निवडलेली पद्धत सर्वांत आधी लागू होणार होती त्याच्याच गावी. तिथे त्याची थोरली बहीण कुंभारकाम करून दोन मुले वाढवत होती. निघताना ती म्हणाली, "बाबा रे, आमच्या डोक्यावर काय आणून ठेवणार आहेस, ते नीट बघून आण."

पश्चिमेत त्यांना नमुन्याचे गाव दाखवले. कमानी, ढोल, पांढरीशुभ्र घरे, काठोकाठ भरलेल्या कणग्या! गाणाऱ्यांत एक सुतार भलताच बेसूर होता. युआनला हसू आले, तसा तोही हसला आणि हळूच म्हणाला, "छप्पर गळतं हो माझं, पण गाणं झकास आहे!"

दोन कोस पुढे आल्यावर गुरुजी थबकले. "अरेरे, माझी तेलकागदी छत्री राहिली. उद्या जाऊन घेऊन ये."

गुरुजी आणि विसरले? युआनला नवल वाटले. दुसऱ्या दिवशी तो गावात शिरताच जेवायला बसलेले ढोलवाले उष्ट्या हातांनी धावत आले. त्यांना वाटले, पुन्हा तपासणी! घरे तशीच होती, कणग्याही भरलेल्या. फक्त सुतार नव्हता. त्याच्या जागी दुसराच कोणी उभा होता आणि अगदी सुरात गात होता. युआनने विचारले तर सगळे जमिनीकडे बघू लागले.

दक्षिणेत रेशीम विणायची मोठी मागशाळा दाखवली. मजूर हसतमुख, ताटात मासे. एक बाई खोकत खोकत म्हणाली, "इथं बोलायला बंदी नाही, साहेब. खोकायला तेवढी सवड नाही." निघताना गुरुजींनी छत्री भिंतीला टेकवली आणि सरळ पाठ फिरवली. युआनने ते पाहिले.

दुसऱ्या दिवशी युआन छत्री आणायला गेला, तर तिच्या मागावर दुसरीच बाई बसली होती. मुकादम म्हणाला, "खोकणारं माणूस कशाला ठेवायचं? इथं सगळे मोकळे. तीही झाली मोकळी." ताटात मासेही नव्हते.

युआन छत्री घेऊन धापा टाकत परतला. "गुरुजी, छत्री तुम्ही मुद्दाम ठेवलीत! ती दोन्ही माणसं माझ्याशी बोलली म्हणून गेली का हो?"

गुरुजी म्हणाले, "तशी शंका मलाही आहे, आणि ती तुझ्याइतकीच मला बोचते. बाळ, पाहुण्यासाठी सारवलेले अंगण कोणाचेही सुंदरच दिसते. वाटणीचा प्रश्न खरा आहे, वाढीचाही खरा आहे. पण 'माझे छप्पर गळते' म्हणणारा माणूस पाहुणा गेल्यावर जागेवर असतो का, हे आधी पाहावे. तोच नसेल, तर बाकीचे खरे तुला सांगणार कोण?"

"मग मी लिहू काय? इकडे आड, तिकडे विहीर! एकाला बरं म्हणावं तर दुसरा माझी मान उडवील. आणि ताईचं काय?"

"ते मला का विचारतोस? तिच्या घरात मी थोडाच राहणार आहे?"

गुरुजींनी छत्री त्याच्याच हाती ठेवली, आणि ती घेऊन युआन दरबाराकडे न जाता आधी बहिणीकडे गेला. सगळा मसुदा त्याने तिला वाचून दाखवला. तिचे चाक थांबले.

"मला विचारतोयस?" ती म्हणाली. "आजवर आमचं धान्य नेलं, माणसं नेली. विचारलं कोणी नाही." मग थोडा विचार करून म्हणाली, "कणगी हवी, बाजारही हवा. पण आधी त्या सुताराचं आणि त्या बाईचं लिही."

"भीती वाटते गं, ताई."

"वाटणारच. मलाही वाटते. लिही."

त्याने तिथेच बसून लिहिले, शिक्का मारला आणि निघाला. तो वळणावर पोहोचला तेव्हा मागून हाक आली, "अरे, गुरुजींची छत्री राहिली की!"

"असू दे, ताई. नवी पद्धत सुरू झाली की घ्यायला येईन."

तिने चिखलाचे हात पदराला पुसले. "ये. पण येताना कळवू नकोस."