ठकूआत्याचा हिरवा हात

चिंचखोऱ्याला अजून रस्ता नव्हता, ओढ्याच्या पात्रातूनच गावात यावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली, ते विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं ते सगळे गेले, आणि जे आहेत ते आपापल्या मनानं आकडा सांगतात.

त्या गावात ठकू नावाची सुईण होती. लहानथोर सगळे तिला आत्या म्हणायचे. खोऱ्यातलं प्रत्येक पोर आधी तिच्या हातात यायचं आणि मग आईच्या कुशीत जायचं. असं म्हणतात, की अडलेल्या बाईच्या दारात आत्याची सावली पडली, की आतलं मूल आपणहून वाटेला लागायचं. तोंडानं मात्र ती फटकळ होती. पाटलालासुद्धा अरे-तुरे करायची, कारण त्यालाही तिनंच न्हाऊ घातलं होतं.

गावची देवी वाळजाई. तिच्या देवळात पितळेचा एक जुना हंडा होता, निम्मा जमिनीत पुरलेला. सकाळी घराघरातलं ताक त्यात ओतायचं आणि दिवेलागणीला दुधाचे दात असलेल्या प्रत्येक पोराला त्यातली एक वाटी पाजायची, अशी रीत होती. दात पडायला लागले, की वाटी बंद. हंड्याचं तोंड अरुंद होतं. आत कुणी डोकवायचं नाही, हात घालायचा नाही, कारण ते देवीचं पोट. गुरव पाणी ओतून लांब पळीनं तो नुसता खळबळायचा आणि त्याच पळीनं ताक काढायचा.

एका वर्षी गावातली ही लहान पोरं रात्री ओकायला लागली. दिवसा एकदम ठणठणीत. झाडावर चढायची, ओढ्यात डुंबायची, भाकरीवर भाकरी हाणायची. आणि रात्री निजली, की अर्धवट झोपेत उठून बसायची आणि भडाभडा ओकायची. सकाळी पुन्हा हुंदडायला मोकळी. ताप नाही, हगवण नाही. मोठ्या माणसांना तर काहीच नाही. आयांच्या डोळ्याला डोळा लागेना. घरोघरी उशाशी राखेची पाटी आली.

गावानं दृष्ट काढली, अंगारे लावले, शिवेवर कोंबडं सोडलं. शेवटी देवी कोपली म्हणून पोरांना एकाच्या जागी दोन-दोन वाट्या पाजायला सुरुवात केली. पोरं दुप्पट ओकायला लागली.

मग कुणीतरी म्हणालं, "वकणारं परत्येक पोर ठकूच्याच हातचं हाय." अहो, गावात दुसरी सुईणच नव्हती, तर पोरं आणखी कुणाच्या हातची असणार? पण भ्यालेल्या माणसाला एवढं कुठलं सुचायला! येसू नावाच्या सुनेला दिवस भरत आले होते. तिचा थोरला गोंदा रोज ओकायचा. तिच्या सासूनं घाटाखालच्या सुईणीला सांगावा धाडला. ते ऐकून आत्या चुलीपुढे बसून राहिली. म्हाताऱ्या बाईला फार लागलं ते.

पाटील तिच्या दारात आला. मान खाली घालून म्हणाला, "आत्या, माझा राग न्हाई तुझ्यावर. पन गाव म्हनतंय, अवसेपतूर पोरं बरी झाली न्हाईत, तर तू दुसरीकडं बघ."

आत्या उठली. "कुटं बघू? ही समदी माझी पोरं हायेत. अवसेपतूर मीच पोर हुते आन् बघते, ह्यास्नी काय हुतंय ते."

आणि ती खरंच पोर झाली. पोरं उठायची तेव्हा उठायची, ती खातील ते खायची. कच्च्या चिंचा खाल्ल्या, बोरं खाल्ली, ओढ्याचं पाणी ओंजळीनं प्यायली, मातीसुद्धा चाटून बघितली. पोरांबरोबर लंगडी घातली आणि दोनदा तोंडावर आपटली. गाव हसलं. असं म्हणतात, की तिच्या पाठीचं कुबड त्या दिवसांत सरळ झालं होतं. पण रात्री ती गाढ झोपायची, आणि गोंदा ओकायचा.

अवस जवळ आली. आत्यानं मनाशी एकेक घास मोजला. सगळं खाऊन झालं होतं. एकच गोष्ट राहिली होती.

त्या संध्याकाळी ती पोरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. सिदू गुरवानं पळी आखडती घेतली. "आत्या, दुधाच्या दातांच्या पोरांची वाटी हाय ही."

आत्यानं बोळकं उघडून दाखवलं. "बघ नीट. एक तरी दात हाय का? माझं तर आजून यायचं हायेत."

पोरं खिदळली. सिदूनं पळी हंड्यात बुडवली. त्यानं वाटी भरली. आत्या ती घटाघटा प्यायली आणि तिनं रिकामी वाटी पुन्हा पुढं केली, "गोंदाला दोन देतोस, मलाबी दे."

त्या रात्री आत्या ओकली. पोटातलं सगळं बाहेर येईपर्यंत ओकली, आणि असं म्हणतात, की उलटी थांबल्या थांबल्या ती टाळ्या पिटत गावभर ओरडत फिरली, "वकले गं बायांनो, वकले!" बायांना वाटलं, म्हातारीला वेड लागलं.

उजाडताच ती देवळात गेली. तिनं बाह्या वर सारल्या. मागून सगळं गाव आलं. सिदू आडवा आला. "आत्या, देवीच्या पोटात हात घालू नगं. वाटोळं हुईल."

"जल्मभर मी दुसरं काय केलं रं? तुला भाईर काढला, त्यो असाच हात घालून. देवी बाईच हाय न्हवं? तिचंबी पोट दुखत आसंल."

हंड्याचं तोंड तिच्या मनगटाएवढंही नव्हतं. असं म्हणतात, की ते तिच्यासाठी रुंदावलं. हात कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, आणि बाहेर आला तो हिरवागार. आतली कल्हई झिजत झिजत आता पार उडून गेली होती आणि ताक रोज उघड्या पितळेला लागून कळकत होतं, पोरांना बाधत होतं. आपापल्या घरच्या भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई करणाऱ्या बाया त्या हाताकडे बघत राहिल्या. देवीच्या हंड्यालाही कल्हई लागते, हे एकीच्याही मनात आलं नव्हतं. येसू तिथंच खाली बसून रडली. "माज्या हातानं पाजलं गं त्याला. दोन-दोन पाजल्या."

मग हंडा खणून काढला. बाजारातून कल्हईवाला आणला. भाता आत्यानंच ओढला. असं म्हणतात, की नवसागराचा धूर उठला तेव्हा हंड्यातून मोठ्ठा ढेकर निघाला आणि देवीचंही पोट हलकं झालं. त्या रात्रीपासून एक पोर ओकलं नाही. राखेच्या पाट्या पुन्हा चुलीपाशी गेल्या. घाटाखालची सुईण आली, ती आल्या पावली परत गेली. येसूची मुलगी त्याच हिरव्या हातात आली. तो हिरवा रंग आत्याच्या हातावरून शेवटपर्यंत गेला नाही.

अजूनही दर चैत्रात चिंचखोऱ्यात देवीच्या हंड्याला कल्हई होते, आणि सुईण म्हणून जी कुणी असेल, ती आत हात घालून बघते. त्या संध्याकाळी पोरांना वाटी मिळत नाही. गावातल्या बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्या तेवढ्या रांगेत बसतात, ताक पितात आणि देवळातच निजतात. सकाळी त्यांनी "पोटात ऱ्हायलं, या रं पोरांनो" अशी हाळी दिली, की मगच पोरांच्या वाट्या भरतात. म्हणून त्या गावात शेवटचा दात पडला, तर कुठलीच बाई हळहळत नाही. ती दारात उभी राहून शेजारणीला सांगते, "औंदा मी आत्याच्या रांगेत."