चादरीखालची चकती

वस्तूंना वाचा होती त्या काळची गोष्ट. कापसाचे बोळे रोज केरात जाताना वासंतीला बघवेना. म्हणून तिने जुना पंचा कापला आणि कडेने घट्ट टाके घालून चेहरा पुसायच्या गोल चकत्या शिवल्या.

त्यांतली धाकटी चकती फार भित्री. कडी वाजली तरी दचकायची. पहिल्याच दिवशी तिने काजळ पुसलं. धुतल्यावरही काळसर डाग राहिलाच.

दोरीवरची चादर म्हणाली, "अगं बाई, हे घेऊन उघड्यावर वाळणार? शेजारीपाजारी काय म्हणतील! ये माझ्याखाली." बाकीच्या चकत्या आधीच तिथे दडल्या होत्या. धाकटीही मुकाट्याने आत शिरली.

संध्याकाळपर्यंत ती ओलीच राहिली. दुसऱ्या धुण्यालाही तेच झालं. वासंतीने हुंगून नाक मुरडलं. "शी, कुबट! पुन्हा असा वास आला तर केरातच टाकते."

उन्हाशिवाय हा वास जाणार नाही, हे चकतीला कळलं. पुढच्या धुण्याला चादरीने टोक उचललं, तेव्हा ती म्हणाली, "मी नाही येणार, चादरकाकू."

"डाग दिसेल गं!"

"दिसू दे. वासंतीच्या डोळ्यांतलं काजळ आहे ते, चोरीचा माल नाही. तुमच्या अब्रूपायी मी कुजायचं का?"

"टीचभर चिंधी आणि तोंड बघा!" चादर जोरात फडफडली.

चकती दचकली, पण चिमट्याला म्हणाली, "दादा, घट्ट धरा मला." आणि डाग उन्हाकडे करून ती लटकली.

चादरीखालून एका चकतीचा हळूच आवाज आला, "धाकटे, तिकडे जागा आहे?"

"या की सगळ्या! दोरी काय चादरीच्या बापाची आहे?"