इवलीचा दागिना आणि सिंकमधला समुद्र

"अगंबाई, केवढीशी ही सून! हिला दागिना पेलायचा का?"
"आणि बोलते तरी कुठे? निमूट बसते आपली."

साखरेच्या डब्यामागे आत्याबाई मुंगी कुजबुजली, मामीबाई मुंगी खुसखुसली. डब्याच्या पुढे होती नवी सून, इवली मुंगी. इवलीने सगळं ऐकलं. पण बोलली नाही.

आज संक्रांत. नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालतात. पाटावर बसवतात. मुंग्यांच्या घरी पाट म्हणजे शेंगेचं टरफल. आणि दागिना म्हणजे हलव्याचा एक दाणा. पांढराशुभ्र. काटेरी काटेरी. सासूबाईंनी दिलेला.

"पेलतो का बघू," इवली मनात म्हणाली. दाणा डोक्यावर घेतला. पेलला की!
निघाली. तुरु तुरु तुरु. सिंकच्या काठावर आली. नळ कसा चकचकीत! आपलं रूप पाहायला इवली वाकली.
टुपुक! दाणा पडला.

कुठे पडला? वाटीत पडला. वाटी कुठे? सिंकमध्ये. आणि वाटीभोवती पाणीच पाणी! सिंक तुंबलं होतं.
"अबब! केवढा समुद्र!"
वाटी हलते डुगडुग. इकडे डुगडुग. तिकडे डुगडुग. वाटी कलंडली, तर दाणा विरघळणार. दाणा विरघळला, तर पाट कसला आणि मान कसला!

"पाणी पाणी, खाली जा ना!"
"मी नाही जात," पाणी म्हणालं. "पाइप उघडेल, तर जाईन."

तुरु तुरु तुरु. सिंकच्या खाली अंधारच अंधार. अंधारात वाकडा पाइप, अजगराएवढा. इवलीने मान वर केली. आणखी वर.
"पाइपदादा, पाइपदादा!
पाणी जाईना, दाणा मिळेना.
तू उघड ना!"
"मी नाही उघडत," पाइप म्हणाला. गुर्रर्र! "पोटात शितं, पोटात चोथा. पाना फिरेल, तर उघडेन."

तुरु तुरु तुरु. खोक्यात पाना. लोखंडी पाना, हा मोठा जबडा!
"पानादादा, पानादादा!
पाइप उघडेना,
पाणी जाईना, दाणा मिळेना.
तू फिर ना!"
"मी नाही फिरत," पाना म्हणाला. खडखड! "बाबा धरतील, तर फिरेन."

तुरु तुरु तुरु. खुर्चीत बाबा. डोंगराएवढे बाबा. तिळगूळ खातात कुडुम कुडुम.
"बाबा, बाबा!
पाना फिरेना, पाइप उघडेना,
पाणी जाईना, दाणा मिळेना.
तुम्ही धरा ना!"
"मी नाही धरत," बाबा म्हणाले. "मागच्या वेळी सगळं अंगावर आलं! खाली बादली येईल, तर धरेन."

तुरु तुरु तुरु. बाथरूममध्ये बादली. निळी निळी बादली, किल्ल्याएवढी.
"बादलीताई, बादलीताई!
बाबा धरेनात,
पाना फिरेना, पाइप उघडेना,
पाणी जाईना, दाणा मिळेना.
तू ये ना!"
"मी कशी येऊ?" बादली म्हणाली. "माझ्यात बाळ बसलंय. बाळ उठेल, तर येईन."

तुरु तुरु तुरु. इवली किल्ला चढली. आत वाकून पाहिलं. गोल गोल बाळ!
"बाळा, बाळा!
बादली येईना, बाबा धरेनात,
पाना फिरेना, पाइप उघडेना,
पाणी जाईना, दाणा मिळेना.
तू ऊठ ना!"
"नाही उथनाल!" बाळ म्हणालं. "ही माजी होदी. गुदगुल्या जाल्या, तल उथेन."

आता कोणाकडे जायचं? इकडे पाहिलं, कोणी नाही. तिकडे पाहिलं, कोणी नाही. पुढे कोणीच नव्हतं. होती ती एकटी इवली.

मग इवलीच निघाली. हळू... हळू...
पायाचा अंगठा चढली. गुडघ्याची टेकडी चढली. पोटाचं पठार आलं. मधोमध बेंबीची विहीर! अबब, केवढी खोल! इवलीने विहिरीच्या काठाकाठाने एक फेरी मारली.
तुरु तुरु तुरु.
"खी खी खी खी!"

बाळ उठलं!
बाळ उठलं, बादली आली.
बादली आली, बाबांनी पाना धरला.
बाबांनी धरला, पाना फिरला. कर्रर्र!
पाना फिरला, पाइप उघडला. भकाक!
शितं पडली. चोथा पडला.
पाइप उघडला, पाणी निघालं...

गुड गुड गुड गुड गुड!

समुद्र फिरू लागला. गोल गोल, भिंगरीसारखा! काठावर मुंग्याच मुंग्या जमल्या. सासूबाई आल्या. आत्याबाई आली. मामीबाई आली. एवढा मोठा समुद्र! चालला, चालला, एवढ्याशा भोकातून चालला!
वाटी खाली आली. आणखी खाली. खण्ण! तळाला टेकली.

इवली सरसर उतरली. वाटीत गेली. दाणा डोक्यावर घेतला. सरसर वर आली. दाणा जसाच्या तसा! पांढराशुभ्र, काटेरी काटेरी.

तेवढ्यात बाबांनी भरलेली बादली उचलली. कुठे ओतली? सिंकमध्ये!
धबाक! सगळं पाणी बाबांच्या पायांवर!
"अहो, पाइप काढलाय ना!" आई म्हणाली. "सिंकमध्ये काय ओतता?"
"खी खी खी!" बाळ म्हणालं.

डब्यामागे हळदीकुंकू सुरू झालं. इवली आली, दागिना घालून. ताठ मानेने आली. सगळ्या बघतच राहिल्या.
"नाव घे, नाव घे!" सासूबाई म्हणाल्या.
आत्याबाईने कान टवकारले. मामीबाईने कान टवकारले.
आणि इवली बोलली. मोठ्याने बोलली. खणखणीत बोलली:

"गुडगुड करत समुद्र गेला, बाळ लागलं हसू,
तुरतुररावांचं नाव घेते, सांगा, कुठे बसू?"

आत्याबाईने आणि मामीबाईने झटकन टरफलाचा पाट पुढे सरकवला.